आपोआप बुजणारे पंक्चर

जुन्या ट्रकवाल्यांची एक युक्ती अनेकांनी पाहिली असेल. घाटात रेडिएटर गळू लागला की क्लीनर जवळच्या टपरीवरून हळदीची पुडी आणतो आणि ती रेडिएटरच्या पाण्यात ओततो. थोड्या वेळाने गळती कमी होते. हळदीचे कण पाण्याबरोबर फिरतात, भोकातून बाहेर पडू पाहतात, तिथे एकमेकांत अडकतात आणि भोक बुजते. पंक्चर झाल्यावर टायर आपोआप बुजवणारे जे द्रव आज बाजारात मिळते, त्याचे तत्त्व याहून फारसे निराळे नाही. मात्र रेडिएटर जागच्या जागी असतो आणि टायर फिरत असतो. महामार्गावर तर तो फारच जोरात फिरत असतो. त्यामुळे हळदीची युक्ती मोटरसायकलच्या चाकात कितपत भरवशाची, हा प्रश्न नीट तपासण्यासारखा आहे. त्यासाठी आधी थोडे मागे जाऊ या.

हवा भरलेल्या चाकाचे पहिले पेटंट १८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन या तरुण स्कॉटिश इंजिनियरने घेतले. रबर लावलेल्या कापडाची नळी आणि तिच्यावर चामड्याचे आवरण, अशी त्याची रचना होती. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला ही चाके लावून त्याने प्रयोगही करून दाखवले. चाके हलकी चालत, आवाज करत नसत. पण रबर महाग होते, सायकली आणि मोटारी अजून यायच्या होत्या, आणि ही कल्पना लोक चक्क विसरले. इतकी, की १८८८ साली बेलफास्टमधील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी केलेल्या हवेच्या टायरचे पेटंट घेतले, तेव्हा थॉमसनची आठवण कुणालाच नव्हती. ती दोन वर्षांनी झाली आणि डनलॉप यांचे पेटंट रद्द ठरले.

हवेचा टायर आला आणि त्याबरोबर पंक्चरही आले. भरीव रबराच्या टायरला खिळ्याचे भय नव्हते. डनलॉप यांचा टायर तर रिमला चिकटवलेला असे. १८८९ साली फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथे मिशेलिन बंधूंच्या कारखान्यात एक सायकलस्वार असा पंक्चर झालेला टायर घेऊन आला. तो सोडवून दुरुस्त करण्यात तीन तास गेले आणि डिंक वाळायला अख्खी रात्र. एदुआर मिशेलिन यांनी दुसऱ्या दिवशी तो चालवून पाहिला, तर थोड्याच अंतरावर पुन्हा पंक्चर! पण त्या थोड्या अंतरात हवेवर चालण्याचे सुख त्यांना कळले होते. १८९१ मध्ये मिशेलिन यांनी रिमवरून काढता येणारा टायर आणला. त्याच वर्षी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १,२०० किलोमीटरची शर्यत शार्ल तेराँ याने याच टायरवर जिंकली. पुढच्या वर्षी मिशेलिननी स्वतःच एक शर्यत भरवली आणि दुरुस्ती किती सोपी आहे हे दाखवण्यासाठी रस्त्यावर मुद्दाम खिळे टाकले. जाहिरातीसाठी स्वतःच्याच गिऱ्हाइकाच्या वाटेत खिळे टाकणारा कारखानदार विरळाच म्हणायचा.

मिशेलिन यांचे उत्तर होते, 'पंक्चर होणारच, ते पटकन काढा.' दुसरे उत्तर अमेरिकेत पुढे आले, 'पंक्चर झाले तरी कळू देऊ नका.' तिथे सायकलींना ट्यूब वेगळी नसलेले, रिमला चिकटवलेले टायर बराच काळ वापरात होते. आत ठिगळ लावायला वाटच नाही. तेव्हा व्हॉल्व्हमधून चिकट द्रव आत सोडण्याची पद्धत पडली. बफेलो शहरातून 'नेव्हरलीक' नावाने असे द्रव विकले जाई. म्हणजे पंक्चरचे औषध जवळजवळ टायरइतकेच जुने आहे.

याच कल्पनेला गंभीर रूप दुसऱ्या महायुद्धात मिळाले, पण ते विमानांच्या पेट्रोलच्या टाक्यांत. टाकीच्या भिंतीत पक्क्या रबराच्या थरांमध्ये कच्च्या रबराचा थर ठेवत. गोळी आरपार गेली की पेट्रोल त्या कच्च्या रबराला भिडे, ते फुगे आणि भोक मिटे. युद्धानंतर अमेरिकेतील गुडरिच कंपनीने ट्यूबलेस टायर आणला. फ्रँक हर्झेग यांना त्याचे पेटंट १९५२ मध्ये मिळाले आणि १९५५ पर्यंत अमेरिकेतील नव्या मोटारींवर तो सर्रास बसू लागला. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये डनलॉप कंपनीच्या 'डेनोव्हो' टायरमध्ये रिमवरच द्रवाचे छोटे डबे बसवलेले असत. हवा गेली की ते फुटत, आणि आतले द्रव घर्षण कमी करी व भोकही बुजवी. हा टायर महाग पडला आणि मागे पडला.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्याच तऱ्हेने सुटला होता. १९७२ पासून आलेल्या चेतक स्कूटरला मागे स्टेपनी असे आणि चाके एकसारखी असत. मोटरसायकलला स्टेपनी ठेवायला जागाच नाही. त्यामुळे मोटरसायकलस्वाराला द्रवाचा मोह जास्त.

आता त्या फिरत्या चाकात डोकावू या. मोटरसायकल ताशी ९० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने जात आहे आणि चाकाची त्रिज्या ०.३ मीटर आहे असे धरू. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे ६२५ भागिले ०.३. उत्तर येते सुमारे २,०८०. गुरुत्वीय त्वरणाच्या २१२ पट! टायरच्या आतल्या एक ग्रॅम द्रवाला तिथे २१२ ग्रॅमचा भार येतो. ताशी ३० किलोमीटरला हाच आकडा २४ च्या आसपास असतो. वेग तिप्पट, भार नऊपट. इयत्ता अकरावीच्या वर्गात हे गणित फळ्यावर पाच मिनिटांत होते आणि विद्यार्थ्यांना ते सूत्रापेक्षा जास्त लक्षात राहते, असा आमचा अनुभव आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जाहिराती सुचवतात की केंद्रोत्सारी बल द्रवाला भोकात ढकलते. द्रवाचा थर २ मिलिमीटर जाड असेल, तर या वेगाला त्याचा दाब होतो वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ०.०४ पट. टायरमधल्या हवेचा जादा दाब असतो सुमारे २ पट, म्हणजे त्याच्या पन्नासपट. भोकाकडे द्रव रेटते ती हवाच. फिरण्याचे काम एवढेच की द्रव टायरच्या पाठीवर पसरून धरायचे, म्हणजे खिळा कुठेही घुसला तरी द्रव तिथे हजर असते. द्रव म्हणजे ग्लायकॉलसारखा न गोठणारा, लवकर न वाळणारा पदार्थ, त्यात तंतू आणि रबराचा चुरा. मोरीच्या जाळीत आधी केस अडकतात आणि मग त्यांवर बारीक कचरा साठतो, तसे तंतू भोकात आडवे बसतात आणि चुरा फटी भरतो. शिक्षकांना हे दाखवायचे असेल, तर प्लास्टिकच्या बाटलीला तळाशी दाभणाने भोक पाडावे. साधे पाणी ओतले की धार लागते. पाण्यात लाकडाचा भुसा आणि कापसाचे बारीक तंतू घालून ढवळत राहावे, धार बारीक होत थांबते. मग बाटली भोकाजवळ हाताने दाबून सोडा, पुन्हा दाबा. बूच सुटून धार परत लागलेली बहुधा दिसेल.

महामार्गावरची खरी अडचण हीच आहे. टायर जमिनीला टेकतो तिथे तो सपाट होतो, पुढे गेल्यावर पुन्हा गोल होतो. आपल्या उदाहरणातले चाक सेकंदाला १३ फेरे घेते. तासाभरात सुमारे ४८ हजार. तितक्या वेळा ते भोक मिटते आणि उघडते, आणि त्यातले बूच चुरगळते. त्यात हवा थोडी कमी झाली असेल, तर टायर जास्त वाकतो, जास्त तापतो, आणि तापलेले रबर दुबळे होते.

दुसरी अडचण असंतुलनाची. चाकाचा तोल साधताना कारागीर रिमवर पाच-दहा ग्रॅमची वजने लावतो. पातळ द्रव गाडी थांबली की तळाशी गोळा होते. गाडी निघाली की लवकर पसरते. दाट द्रव मात्र जिथे साचले तिथे काही वेळ राहते, आणि जुने होऊन सुकले तर त्याची ढेपच बनते. एका जागी ३० ग्रॅमची ढेप असेल, तर ताशी ९० ला ती चाकाला सहा किलोहून जास्त भाराने ओढते, आणि या ओढीची दिशा सेकंदाला १३ वेळा फिरते. पुढच्या चाकात हे झाले की हँडल थरथरते.

ट्यूब असलेल्या चाकात तर द्रवाचा भरवसा आणखी कमी. ट्यूबचे रबर ताणलेले असते, त्यामुळे भोक पसरू पाहते. खिळा आत हलला तर ट्यूब फाटते आणि हवा आऱ्यांच्या भोकांतून भसकन निघून जाते. ट्यूबलेसमध्ये उलट, जाड रबर खिळ्याला आवळून धरते आणि हवा सावकाश जाते. द्रवाला वेळ मिळतो. टायरच्या कडेच्या भिंतीला चीर पडली, तर मात्र दोन्हीकडे त्याचा उपयोग नाही.

आम्हाला सर्वांत काळजीची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. द्रव चांगले चालले, तर स्वाराला पंक्चर झाल्याचे कळतच नाही. खिळा आतच राहतो, टायरच्या आतले धागे तुटलेले राहतात, पोलादी तारा असतील तर त्यांना पाणी लागून गंज चढतो. शेताच्या रस्त्यावर ताशी ३० ने जाणाऱ्याला याने फारसे बिघडत नाही, बाभळीच्या काट्यांच्या मुलखात तर हे द्रव वरदानच आहे. पण मोटारींसाठीच्या तात्पुरत्या दुरुस्ती-संचांवरही सहसा ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते, आणि मोटारीला चार चाके असतात. पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत पोचण्यापुरते ठीक; तिथे टायर रिमवरून उतरवून आतून पाहिलाच पाहिजे.

पंक्चरवाल्याला मात्र हे द्रव मुळीच आवडत नाही. टायर उघडला की हाताला तो चिकट हिरवा-निळा राडा लागतो, घमेल्यातले पाणी गढूळ होते, आणि आतली बाजू धुऊन, पुसून, घासून पुरती कोरडी केल्याशिवाय सोल्युशन धरत नाही आणि ठिगळ बसत नाही.