साल्वीनच्या खोऱ्यातील लिपी

युन्नान प्रांताच्या वायव्य कोपऱ्यात साल्वीन, मेकाँग आणि यांगत्से या तीन महानद्या एकमेकींना समांतर दक्षिणेकडे वाहतात. युनेस्कोने २००३ साली या प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. तिघींपैकी सर्वांत पश्चिमेची साल्वीन. चिनी भाषेत नू-ज्यांग. ‘नू’ या अक्षराचा अर्थ क्रोध, म्हणून ‘क्रुद्ध नदी’ हे भाषांतर प्रवासवर्णनांतून सर्रास आढळते. वास्तविक ते अक्षर काठावरील नू जमातीच्या नावाचा केवळ उच्चार नोंदवते. लिपीमुळे अर्थाची गफलत कशी होते, याचा हा नमुना.

ल्यूखूहून उत्तरेकडे निघालो की पश्चिमेस गाओलिगोंग आणि पूर्वेस बिलुओ या पर्वतरांगा सतत सोबत करतात. उतार इतके उभे, की मक्याची शेते टांगून ठेवल्यासारखी वाटतात. लिसू, नू, दुलोंग, तिबेटी, बाई अशा अनेक लोकांची ही वस्ती. बिंगझोंगलुओला नदी मोठे वळण घेते. त्या परिसरात बौद्ध विहार आणि कॅथलिक चर्च एकाच टापूत आहेत. दृश्य देखणे आहेच. परंतु साहित्याच्या अभ्यासकाने या खोऱ्यात पाहावी ती लिपी, असे आमचे मत आहे.

जेम्स फ्रेझर हा इंग्रज मिशनरी १९०८ साली चीनमध्ये आला. लिसू भाषेला तेव्हा लिपी नव्हती. १९१५च्या सुमारास आकारास आलेली लिसू लिपी रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांवर उभी आहे. अक्षरे अपुरी पडली तेथे तीच उलटी वा फिरवून वापरली. छापखान्याला नवे खिळे पाडण्याची गरज उरली नाही. आणि आघात? लिसू ही सुरांची भाषा. सूर बदलला की शब्द बदलतो. हे सूर पूर्णविराम, स्वल्पविराम, अर्धविराम अशा चिन्हांनी दर्शवले. आपल्याकडे स्वल्पविराम चुकला तर वाक्य अडखळते, तेथे शब्दच दुसरा होतो!

या लिपीला ‘फ्रेझर लिपी’ म्हणतात. तिचा पहिला आराखडा मात्र सारा बा थॉ या कारेन धर्मप्रचारकाचा. फ्रेझरने तो सुधारला. मराठी वाचकाला येथे श्रीरामपूर आठवावे. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली तेथे छापले गेले. त्याला साहाय्य करणारे पंडित वैजनाथ मात्र अभ्यासकांच्या टिपांतच उरले. मुखपृष्ठावर कोणाचे नाव यावे, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

याहून विलक्षण गोष्ट बिलुओ पर्वताच्या पलीकडची, मेकाँगच्या बाजूची. वेइशी येथील वांग रेन्बो या लिसू शेतकऱ्याने १९२०च्या दशकात स्वतःची अवयवलिपी रचली. तिची चिन्हे शेकड्यांनी मोजावी लागतात. लिसूंमध्ये एक कथा सांगतात: देवाने दिलेली लिपी कातड्यावर लिहिलेली होती आणि ते कातडे कुत्र्याने खाल्ले. वांगने जणू हरवलेली ठेव परत आणायचे ठरवले.  हा हट्ट आम्हांला फ्रेझरच्या सोयीपेक्षा अधिक मोलाचा वाटतो, जरी व्यवहारात सोय जिंकली.

पुढे १९५०च्या दशकात शासनाने चिनी रोमनीकरणाच्या धर्तीवर तिसरी लिपी दिली. ती शाळांत शिरली. चर्चमधील माणसे जुनीच धरून राहिली. २००९ साली ही जुनी लिपी युनिकोडमध्ये आली.

नदीचा इतिहासही याच काळात वळला. २००३ साली तेरा धरणांची योजना पुढे आली. विरोधानंतर २००४ साली पंतप्रधान वेन ज्याबाओ यांनी ती थांबवली. धरणे टळली, स्थलांतर मात्र टळले नाही. दारिद्र्यनिर्मूलनाच्या मोहिमेत डोंगरमाथ्यावरची हजारो कुटुंबे नदीकाठच्या नव्या इमारतींत आली. दोरखंडावरून नदी ओलांडण्याची जुनी रीत पुलांनी बहुतांशी संपवली. मुलांचे शिक्षण आता मुख्यतः चिनी भाषेतून होते.

लाओमूदेंगसारख्या गावांत चर्चमधील गायन चार स्वरांच्या मेळात चालते. समोरच्या पुस्तकांत अक्षरे उलटी, आडवी, फिरवलेली. त्यांच्या मागे स्वल्पविराम.