हाँगकाँगची मिश्र बोली

हाँगकाँगच्या मोटारतळावरून गाडी बाहेर काढण्यापूर्वीं एका खिडकीपाशीं जाऊन भाडें भरावें लागतें. त्या खिडकीवर इंग्रजी अक्षरांत ‘श्रॉफ’ अशी पाटी असते. हा श्रॉफ म्हणजे आपला सराफच. शब्द मूळचा अरबी. तो हिंदुस्थानच्या पेढ्यांवर रुळला, इंग्रज व्यापाऱ्यांच्या तोंडीं बसला आणि त्यांच्याच गलबतांतून चीनच्या किनाऱ्यास लागला. नाणीं पारखणारा सराफ गेला, त्याचें नांव मात्र खिडकीवर राहिलें. त्या शहरांत कँटनी व इंग्रजी यांची जी सरमिसळ रोज कानीं पडते, तिचा उगमहि असाच व्यापारांत आहे.

१७५७ सालीं चिएनलुंग बादशहानें युरोपियनांचा सागरी व्यापार एकट्या कँटन बंदरापुरता मर्यादित केला. गोऱ्या व्यापाऱ्यांनीं नदीकाठच्या वखारींतच राहावें, ठराविक चिनी सावकारांशींच व्यवहार करावा, असा निर्बंध होता. त्यांस चिनी भाषा शिकविणें हाहि गुन्हा ठरला. १७५९ सालीं ईस्ट इंडिया कंपनीचा जेम्स फ्लिंट गाऱ्हाण्याचा अर्ज घेऊन उत्तरेकडे गेला. त्याबद्दल तो तीन वर्षें मकाव येथें बंदींत पडला. आणि ज्या चिनी माणसानें तो अर्ज लिहून दिला, त्याचा शिरच्छेद झाला.

भाषा उघडपणें शिकतां येईना आणि व्यवहार तर थांबेना. तेव्हां दुभाषे, दुकानदार, नावाडी व वखारींतील नोकर यांच्या तोंडून एक कामचलाऊ बोली घडत गेली. शब्द बहुधा इंग्रजी, पण त्यांची जुळणी बरीचशी चिनी वळणाची. तिला पुढें ‘पिजिन’ हें नांव पडलें. ‘बिझिनेस’ या शब्दाचाच तो चिनी उच्चार, असें मानतात. तींत कांहीं शब्द पोर्तुगीज होते, कांहीं हिंदुस्थानांतले. शिक्क्यास व परवान्यास ‘चॉप’ म्हणत. तो आपला ‘छाप’. हाँगकाँगच्या कंपन्या आजहि कागदावर ‘चॉप’ उठवितात. या बोलीचीं लहान लहान पुस्तकेंहि निघालीं; त्यांत इंग्रजी शब्दांचे उच्चार चिनी अक्षरांनीं लिहिलेले असत. इंग्रज तिला हसत, चिनी पंडित तिला तुच्छ लेखीत. तरी चहाची व रेशमाची उलाढाल तिच्याच आधारें चाले. माळव्यांत पिकून मुंबई बंदरांतून गेलेल्या अफूचे सौदेहि तिच्यांतच होत, हें आपणांस विसरतां येत नाहीं.

त्या अफूवरूनच युद्ध झालें आणि १८४२ च्या नानकिंगच्या तहानें हाँगकाँग इंग्रजांकडे गेलें. राज्यकारभार इंग्रजींत, न्यायालयें इंग्रजींत. बाजार आणि घर मात्र कँटनींत, अशी विभागणी झाली. नव्या वस्तूंबरोबर नवे शब्द आले, पण कँटनी माणसानें ते आपल्या जिभेप्रमाणें वळवून घेतले. बस ही ‘बासी’ झाली, टॅक्सी ‘दिकसी’ झाली, चेंडूस ‘बो’ म्हणूं लागले, विम्यास ‘यिन्सो’. कँटनींत शब्दाच्या आरंभीं जोडाक्षर चालत नाहीं, म्हणून इंग्रजी ‘स्टोअर’चें ‘सिदो’ झालें आणि स्ट्रॉबेरीचें ‘सिदोबेलेइ’. आपल्याकडे ‘स्टेशन’चें ‘टेसन’ झालें, तोच हा प्रकार.

पुढें इंग्रजी शाळांतून शिकलेली पिढी कँटनी वाक्यांत इंग्रजी शब्द जसेच्या तसे घालूं लागली आणि भाषा बाटली, अशी ओरड झाली. पण या सरमिसळीचें व्याकरण पाहावें. कँटनींत प्रश्न विचारतांना क्रियापद दोनदां उच्चारून मध्यें नकाराचा ‘म्’ घालतात, जणूं ‘जातोस-न-जातोस?’ इंग्रजी शब्दासहि हाच नियम लागतो. ‘ठीक आहे ना?’ हें ‘ओ-म्-ओके?’ असें विचारतात आणि ‘आनंदांत आहेस ना?’ हें ‘हॅप-म्-हॅपी?’ असें. शब्द परका असला, तरी त्यास पहिल्या अक्षरापाशीं तोडून कँटनी प्रश्नांत बसावें लागतें. मराठी माणूस ‘टेबलावर’ म्हणतो, तेव्हां टेबल इंग्रजी असतें; विभक्ति चालते ती मराठीच.

तेव्हां या बोलीस खरें भय शब्दांच्या उसनवारीपासून नव्हतें. १८४२ पासून पुढें १३२ वर्षें बहुसंख्य प्रजेच्या भाषेस कायद्यांत इंग्रजीच्या बरोबरीचें स्थान नव्हतें. आरोपीस स्वतःवरील खटला दुभाष्याच्या तोंडून समजून घ्यावा लागे. विद्यार्थ्यांनीं व नागरिकांनीं चळवळ केली, तेव्हां १९७४ च्या कायद्यानें चिनी भाषा इंग्रजीच्या जोडीनें राजभाषा झाली. १ जुलै १९९७ रोजीं हाँगकाँग चीनकडे परत गेलें. त्यानंतर बऱ्याच शाळांतून चिनी विषयच कँटनीऐवजीं उत्तरेकडील प्रमाण बोलींत शिकवूं लागले. आतां पालकांस काळजी वाटते ती ‘बासी’ आणि ‘दिकसी’ यांची नव्हे. घरची बोली मुलांच्या तोंडीं टिकेल कीं नाहीं, याची आहे.

दरम्यान इंग्रजीनेंहि परतफेड चालविली आहे. कोणास धीर द्यावयाचा असला, तर कँटनी माणूस ‘गा याउ’ म्हणतो. शब्दशः ‘तेल घाला’. याचेंच शब्दशः इंग्रजी रूप हाँगकाँगमध्यें रुळलें आणि २०१८ सालीं ऑक्सफर्डच्या थोर कोशांत दाखल झालें. एके काळीं परक्यासाठीं चिनी अर्ज लिहिल्याबद्दल ज्या भूमींत मस्तक गेलें, तेथल्या बाजाराची बोली आज परक्यांच्या कोशांत मानानें बसली आहे. आतां तिला शाळेंतहि जागा मिळावी, एवढीच ती बोलणारांची अपेक्षा आहे.