जुन्या मोटारगाडीची ओळख

परळी वैजनाथ हें नांव उच्चारतांच महाराष्ट्रीय वाचकाच्या डोळ्यांपुढें ज्योतिर्लिंगाचें देऊळ व अहल्याबाई होळकरांनीं केलेला त्याचा जीर्णोद्धार हींच उभीं राहतात. तेथील एखाद्या वाड्यांत गंजत पडलेली मोटारगाडी हेंही इतिहासाचें साधन आहे, असें कोणास सहसा सुचणार नाहीं. ताम्रपट सांपडला तर आपण संशोधकाकडे धांव घेतों; मोटार सांपडली तर भंगारवाल्यास हांक मारतों. हा भेद कितपत सयुक्तिक आहे, याचा थोडा विचार करावा असें आम्हांस वाटतें.

परळी 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होती, आणि या एका गोष्टीनें तिकडील जुन्या मोटारीचें प्रकरणच निराळें होऊन बसतें. त्या राज्याचें नाणें वेगळें, जकात वेगळी, दरबारची भाषा उर्दू आणि कालगणना फसली. समजा, तिकडील एखाद्या वाड्याचा वारस पडका गोठा साफ करीत असतां त्यास कडब्याखालीं दडलेली मोटार दिसली, आणि तिच्यासोबत एक जीर्ण पावतीही मिळाली. पावतींत सन 1341 व किंमत 7000 रुपये आहे. ज्यास उर्दू येत नाहीं तो ती फेंकून देईल. ज्यास येतें पण फसली सन ठाऊक नाहीं, तो बुचकळ्यांत पडेल. वस्तुतः हिशेब सोपा आहे. फसली सनांत ऑक्टोबर ते डिसेंबरपर्यंत 590 व पुढील महिन्यांत 591 मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. तेव्हां ही खरेदी 1931 च्या ऑक्टोबरपासून पुढील वर्षभरांतली ठरते. हाली शिक्क्याचे 7 रुपये म्हणजे कलदार 6. अर्थात् गाडी कलदार 6000 रुपयांस पडली. त्याच फसली सनांत, 1932 च्या जूनमध्यें, निजामाच्या रेल्वे खात्यानें 27 बसगाड्यांनिशीं सरकारी मोटारवाहतूक सुरू केली. एका चिटोऱ्यानें आपली गाडी या काळांत नेमकी बसते. म्हणून गाडीच्याही आधीं कागद जपावा.

कागद नसल्यास गाडीच वाचावी लागते. पुढच्या जाळीवरील नाममुद्रेवर विसंबूं नये. जाळी, दिवे, चाकें हीं एका गाडीचीं काढून दुसरीस लावणें मेस्त्र्यांना कधींच अवघड गेलेलें नाहीं. खरी साक्ष चासीवरील व एंजिनावरील क्रमांकांची. फोर्डच्या टी जातीच्या गाड्या 1908 पासून 1927 पर्यंत दीड कोटींवर निघाल्या. त्यांतील एखादीचा जन्म कधींचा, हें एंजिनावरील क्रमांकावरून ठरवितां येतें. उलट उंची गाड्यांची चासी एका कारखान्याची व वरचा सांटा दुसऱ्याचा, अशी त्या काळची रीत होती; म्हणून सांटा बांधणाराची पट्टीही शोधावी. जनरल मोटर्स कंपनीनें 1928 सालीं मुंबईस शिवडी येथें गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला होता. तेव्हां शेव्हरोले गाडी अमेरिकन खरी, पण तिची जुळणी मुंबईच्या कामगारांच्या हातची, असेंही आढळावयाचें.

नांवाचाही घोटाळा आहे. ‘व्हिंटेज’ हा शब्द इंग्लंडांत 1934 सालीं निघालेल्या मंडळानें रूढ केला. त्याच्या मतें ही मर्यादा 1930 च्या अखेरीस संपते. भारत सरकारच्या 2021 च्या नियमांनीं मात्र पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस हें नांव दिलें आहे. आमची कल्पित गाडी पहिल्या मापानें बाद व दुसऱ्यानें पात्र. विकणारानें आपण कोणतें माप लावतों हें सांगितलें नाहीं, तर तें अर्धसत्य होय.

त्याच नियमांत एक अट आहे, ती वारसानें पाठ करून ठेवावी: गाडी मूळ रूपांत असली पाहिजे; तींत मोठा फेरफार झालेला नसावा. पात्र गाडीस ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीस 20,000 रुपये पडतात व ती दहा वर्षें चालते. पण बरें गिऱ्हाईक यावें म्हणून जो घाईनें नवा रंग फांसतो व डिझेलचें एंजिन बसवितो, तो आपल्याच हातानें साक्षीदाराची जीभ कापतो. फ्रान्समध्यें एका शेतावरील पडव्यांत 2014 सालीं सांपडलेल्या गाड्या पुढील वर्षीं पॅरिसला धुळीसकट लिलावांत मांडल्या, आणि एका फेरारीस दीड कोटी युरोंवर किंमत आली. ती किंमत गंजाची नव्हे. ती गाडी कोणाकोणाच्या हातांतून गेली हें दाखवितां आलें, त्याची होती.

आपल्याकडे याच्या दोन्ही तऱ्हा घडल्या. सहावे निजाम महबूब अली खान यांनीं रोल्स-रॉइस गाडी मागविली. ती हातीं येण्यापूर्वींच 1911 सालीं ते वारले. सिंहासनासारख्या आसनाची ती पिवळी गाडी हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यांत राहिली आहे. उलट राजकोटच्या ठाकूरसाहेबांची 1934 ची रोल्स-रॉइस 1968 सालीं विकली जाऊन परदेशीं गेली, व 2010 सालीं त्यांच्या वंशजांस ती मोनाकोच्या लिलावांत परत विकत घ्यावी लागली.

वाड्याच्या वारसानें गाडी विकूंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. मुलीचें लग्न, भावांच्या वांटण्या, गळकें छप्पर हीं कारणें खरीं आहेत, आणि जी गाडी सांभाळवत नाहीं ती सांभाळणाराच्या हातीं जाणें हेंच बरें. परंतु विकण्यापूर्वीं क्रमांक उतरून घ्यावेत, छायाचित्रें काढावींत, घरांतील वृद्धांस ती कोणीं व कशासाठीं घेतली हें विचारून लिहून ठेवावें, आणि हें टिपण गाडीबरोबरच गिऱ्हाइकास द्यावें. घेणारा जाणता व देणारा अजाण असला कीं सौदा लुटीचा होतो. दोघेही जाणते असले म्हणजे पैसाही पदरांत पडतो व इतिहासही मरत नाहीं. लोखंड केव्हांही वितळवितां येतें. गाडीची हकीकत ठाऊक असलेला वृद्ध मात्र फार दिवस थांबत नाहीं.