कुमारवयातील कीर्ती आणि त्यानंतर

जबलपुरात आलेला पाहुणा कमानिया गेटखालून गेल्यावाचून सहसा परतत नाही. बाजाराच्या ऐन गर्दीत उभी असलेली ही कमान १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण आहे. त्या अधिवेशनाच्या मिरवणुकीत ५२ हत्ती होते म्हणतात. परंतु अध्यक्ष सुभाषबाबू तापाने अंथरुणास खिळलेले, म्हणून रथात त्यांची तसबीरच ठेवावी लागली. जयघोष झाला तो तसबिरीचा. कमानीखालून जाताना आम्हांस हा प्रसंग हटकून आठवतो, आणि त्यापाठोपाठ, वाचकांस कदाचित विचित्र वाटेल, एका गवयाची आठवण होते.

हा गवई म्हणजे कुमार गंधर्व. त्रिपुरीच्या त्या वर्षी त्यांचे वय पंधरा होते, आणि त्यांच्या नावाची तसबीर देशभर फिरून झाली होती. ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळील सुळेभावी येथे जन्मलेला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हा मुलगा, मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवी. 'कुमार गंधर्व' ही पदवी त्याला बालपणीच एका मठाधिपतींकडून मिळाली. १९३५ मध्ये अलाहाबादच्या संगीत परिषदेत आणि १९३६ मध्ये मुंबईच्या जिन्ना हॉलमध्ये त्याने श्रोत्यांस थक्क करून सोडले. लोक गाणे ऐकावयास येत की आश्चर्य पाहावयास, हा प्रश्न त्या वेळी कोणास पडला नसावा. आम्हांस वाटते, बहुतेक आश्चर्यच पाहावयास.

अशा कीर्तीचा शेवट बहुधा चांगला होत नाही. मास्टर मदनचे उदाहरण घ्या. १९२७ च्या डिसेंबरात जन्मलेला हा मुलगा १९४२ च्या जूनमध्ये, पंधरावे वर्षही पूर्ण न करता, गेला; मागे मोजक्याच ध्वनिमुद्रिका राहिल्या. अमेरिकेत फ्रँकी लायमन हा तेराव्या वर्षी, १९५६ मध्ये, तरुण पिढीच्या गळ्यातला ताईत झाला आणि पंचविसाव्या वर्षी संपला. आवाज फुटला, उंची वाढली, की लोकांचे कुतूहल दुसऱ्या मुलाकडे वळते. ह्यात लोकांचा दोष फारसा नाही. पण त्या मुलाने करावे काय?

कुमारांच्या दैवाने त्यांस प्राध्यापक बा. र. देवधर भेटले. विष्णु दिगंबरांचे हे शिष्य मुंबईत ऑपेरा हाऊसजवळ आपले संगीत विद्यालय चालवीत. १९३६ पासून कुमार तेथे राहून शिकले. सर्व घराण्यांचे गाणे मोकळ्या मनाने ऐकण्याची सवय देवधरांनी लावली, आणि नकलेतून समजुतीकडे जाण्याची वाटही दाखविली. अंजनीबाई मालपेकरांचेही मार्गदर्शन त्यांस लाभले.

परंतु खरी परीक्षा पुढेच होती. १९४७ मध्ये भानुमती कंस यांच्याशी विवाह झाला, आणि लगोलग क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी १९४८ च्या जानेवारीअखेर हे जोडपे देवासला येऊन राहिले. पवारांच्या ह्या जुन्या संस्थानी गावात मराठी घरे पुष्कळ होती. परकेपण फार जाणवले नसेल. पण गाण्यास बंदी होती. एक फुप्फुस निकामी झालेले; बोलण्यावरही निर्बंध. ज्या गळ्यासाठी सभागृहे भरत, तो वर्षानुवर्षे मुका राहिला. भानुमतीबाईंनी नोकरी करून घर चालविले आणि शुश्रूषाही केली. हे ऋण संगीताच्या इतिहासात पुरेसे नोंदले गेलेले नाही, असे आमचे मत आहे. स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध मिळाले, तेव्हा प्रकृतीला उतार पडला.

अंथरुणावरून बाहेरचे ऐकू येई. माळव्यातील बायकांची लग्नाची, सणाची, पावसाची गाणी. रस्त्याने जाणाऱ्या नाथपंथी जोग्यांची निर्गुण भजने. त्या धुनींत राग दडलेला आहे, हे कुमारांच्या ध्यानी आले. मालवती, लगनगंधार, सहेली तोडी असे 'धुनउगम' राग पुढे ह्या ऐकण्यातूनच निघाले. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसू लागले, तेव्हा समोर वेगळाच गायक होता: तान छोटी, मध्ये विराम, एकदम उसळणारा स्वर. एका फुप्फुसामुळे ही तऱ्हा आली, असे कित्येक सांगतात. अर्धे खरे असेल. पण श्वास कमी पडणारे सगळेच आजारी कुमार गंधर्व होत नाहीत. घराण्यांच्या अभिमान्यांनी पुष्कळ नाके मुरडली. १९६१ मध्ये भानुमतीबाई वारल्या. पुढल्या वर्षी वसुंधराबाईंशी विवाह झाला, आणि त्या मैफलीत साथीला बसू लागल्या. १९६५ मध्ये बंदिशींचा संग्रह 'अनूपरागविलास' प्रसिद्ध झाला. १९७७ मध्ये पद्मभूषण, १९९० मध्ये पद्मविभूषण हे मान आले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या एका कार्यक्रमाचे नाव होते 'मला उमजलेले बालगंधर्व'. नारायणराव राजहंसांची नाट्यपदे त्यात ते गात. लहानपणी ज्या मुलाने कोणाचीही ध्वनिमुद्रिका हुबेहूब उतरविली असती, त्याने प्रौढपणी बालगंधर्वांची नक्कल न करता 'मला उमजलेले' असे शब्द योजले. जिन्ना हॉलमधील श्रोत्यांपैकी कोणी पुढे हा कार्यक्रम ऐकावयास बसले असतील, तर ओळखीचा मुलगा शोधताना त्यांची थोडी फसगतच झाली असेल.