लडाखची सोलो : पाने अन्न, मूळ औषध

लडाखच्या उंच खिंडींमध्ये, सुमारे चार हजार मीटरांच्या वर, खडकांच्या फटींत वाढणारी बहुवर्षायू वनस्पती म्हणजे सोलो. तिचे शास्त्रीय नाव ऱ्होडिओला इम्ब्रिकेटा. ती क्रॅसुलेसी कुलातील असून महाराष्ट्रात परिचित असलेली पानफुटीही याच कुलातील आहे. पाणी साठवणारी मांसल पाने हे या कुलाचे वैशिष्ट्य होय.

सोलोच्या एकाच जाड मूलखोडातून अनेक आखूड खोडे निघतात. फुले फिकट पिवळी असून नरफुले व मादीफुले वेगवेगळ्या झाडांवर येतात. हिवाळ्यात जमिनीवरचा भाग वाळून जातो; मूलखोड मात्र बर्फाखाली जिवंत राहते आणि उन्हाळ्यात त्यातून नवे कोंब फुटतात. युरोप व सायबेरियात आढळणाऱ्या ऱ्होडिओला रोझिया या जातीच्या मुळांना गुलाबासारखा गंध असतो. त्यावरूनच लिनियसने या प्रजातीला ग्रीक भाषेतील गुलाबवाचक शब्दापासून नाव दिले.

लडाखमध्ये सोलोची कोवळी पाने व कोंब भाजी म्हणून खाल्ले जातात. पाने उकडून दह्यात मिसळली की ‘तांगथुर’ हा पदार्थ तयार होतो. हिरव्या भाजीचा हंगाम अत्यल्प असलेल्या प्रदेशात या पानांचे मोल मोठे आहे.

औषध म्हणून मागणी असते ती मुळांना. त्यांत सॅलिड्रोसाइड हे द्रव्य असते. लेह येथील संरक्षण उच्च पर्वतीय संशोधन संस्थेने या वनस्पतीचा अभ्यास केला आहे. थकवा व ताण यांवरील तिच्या उपयोगाबाबत माणसांवरील चाचण्यांचे पुरावे मात्र अद्याप मर्यादित आहेत. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी राष्ट्राला उद्देशून केलेल्या भाषणात सोलोचा उल्लेख केला आणि तिचे नाव देशभर पोहोचले.

खरा प्रश्न येथेच आहे. पाने बेताने खुडली तर पुढील उन्हाळ्यात ती पुन्हा येतात. मूळ उपटले की झाडच संपते. थंड प्रदेशात वाढ संथ असल्याने नवे मूलखोड पोसायला अनेक वर्षे लागतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथे झालेल्या साइट्स परिषदेत ऱ्होडिओलाच्या सर्व जातींचा दुसऱ्या परिशिष्टात समावेश झाला. त्यामुळे त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याच्या कक्षेत आला. देशांतर्गत मागणीवर मात्र या कराराचा अंमल नाही. त्यामुळे रानातील मुळांऐवजी लागवडीतील मुळे वापरणे, हाच सोलो टिकवण्याचा मार्ग आहे.