गर्भाशय काढण्याचा सल्ला : डॉक्टरांच्या भेटीपूर्वीची तयारी

गर्भाशयात गाठ आढळली किंवा मासिक पाळीत अतिरक्तस्राव होऊ लागला की अनेक महिलांना गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळतो. अशा वेळी दुसरे मत घेण्यासाठी गोव्यातील काही कुटुंबे हुबळी-धारवाड गाठतात. हुबळीचे ‘किम्स’ या नावाने परिचित सरकारी रुग्णालय आणि धारवाडनजीक सत्तूरचे एसडीएम वैद्यकीय महाविद्यालय ही तेथील प्रमुख केंद्रे होत.

सावधगिरी कशासाठी?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ३.३ टक्के महिलांचे गर्भाशय काढलेले आहे. धारवाडला लागून असलेल्या हावेरी जिल्ह्यात राणेबेन्नूर परिसरातील महिलांनी गरज नसताना शस्त्रक्रिया झाल्याच्या तक्रारी करून भरपाईसाठी लढा दिला. बीडमधील ऊसतोड कामगार महिलांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. कर्करोगासारख्या आजारात ही शस्त्रक्रिया जीव वाचवते. मात्र एकदा काढलेले गर्भाशय परत मिळत नाही, म्हणून निर्णय समजून-उमजून व्हावा.

सोबत काय न्यावे?

किमान तीन महिन्यांच्या पाळीची नोंद ठेवावी : तारखा, दिवस, रोज लागणारे पॅड, रक्ताच्या गाठी, वेदना. सोनोग्राफीचे अहवाल व फिल्म, हिमोग्लोबिन, थायरॉईड, पॅप स्मिअर आणि बायोप्सी झाली असल्यास तिचा अहवाल एकत्र लावावा. चालू औषधे, विशेषतः रक्त पातळ करणारी, तसेच ॲलर्जी, पूर्वीचे सिझेरियन व कुटुंबातील कर्करोगाचा इतिहास कागदावर लिहून न्यावा. कन्नड समजणारी विश्वासू व्यक्ती सोबत असल्यास उत्तम. गोव्यातील दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे किंवा आयुष्मान कार्ड तेथे चालते का, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी.

काय विचारावे?

निदान नेमके कोणते आणि ते कशावरून झाले? थांबल्यास धोका कोणता? औषधे, हार्मोनयुक्त तांबी, केवळ गाठ काढणे किंवा अंग बाहेर येत असल्यास रिंग पेसरी, यांपैकी काही चालेल का? शस्त्रक्रिया पोटावरून, योनिमार्गे की दुर्बिणीने? गर्भाशयमुख राहणार का? ते राहिल्यास पुढेही तपासणी करावी लागते.

बीजांडांविषयीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. रजोनिवृत्तीपूर्वी दोन्ही बीजांडे काढल्यास पाळी जाण्याची लक्षणे एकदम सुरू होतात आणि हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. ती काढायची असल्यास कारण विचारावे. पोटावरील शस्त्रक्रियेनंतर पूर्ववत होण्यास साधारण सहा आठवडे लागतात. तेवढ्या काळात पाणी भरणे, ओझे उचलणे कोण करील, हेही घरी आधीच ठरवावे.

संमतीपत्र

सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात १६ जानेवारी २००८ रोजी स्पष्ट केले की तपासणीसाठी दिलेली संमती ही गर्भाशय काढण्याची संमती ठरत नाही. जिवाला तातडीचा धोका असेल तरच अपवाद. सज्ञान व शुद्धीवर असलेल्या महिलेची संमती तिची स्वतःचीच हवी, आईची किंवा पतीची नव्हे. म्हणून समजणाऱ्या भाषेत वाचून घेतल्याखेरीज संमतीपत्रावर सही करू नये.

रक्तस्राव अतिशय वाढल्यास, भोवळ आल्यास किंवा पाळी बंद झाल्यानंतर पुन्हा रक्त दिसल्यास मात्र नोंदी पूर्ण होण्याची वाट न पाहता तत्काळ जवळच्या रुग्णालयात जावे.