कॅराव्हॅनमध्ये झोपण्याआधी : कार्बन मोनॉक्साईड अलार्मची गोष्ट

खडकवासल्याच्या चौपाटीवर भर पावसात भाजलेलं कणीस खाल्लं नाही असा पुणेकर विरळाच. कोळशाची शेगडी, तिला पुठ्ठ्याने घातलेला वारा, उडणाऱ्या ठिणग्या. त्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू सतत बाहेर पडत असतो, पण धरणावरून येणारा वारा तो लगेच विरळ करून टाकतो. आता तीच शेगडी थंडीत पानशेतच्या काठी लावलेल्या तंबूत किंवा काचा बंद केलेल्या कॅराव्हॅनमध्ये नेलीत, तर सकाळी आतली माणसं उठतीलच असं सांगता येत नाही.

कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. पलंग, छोटं स्वयंपाकघर, शौचालय, एसी असं सगळं गाडीतच. महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं वेगळं धोरण जाहीर केलं आणि तेव्हापासून अशा गाड्या भाड्याने घेऊन फिरणारी कुटुंबं आपल्याकडे दिसू लागली आहेत. त्यांच्या चौकशीत एसी चालतो का, पाण्याची टाकी केवढी, हे असतं. कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म आहे का, हे बहुधा नसतं. तो का विचारायचा हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. म्हणजे धोक्याची सूचना देणारी आपल्या शरीराची एकही सोय इथे उपयोगी पडत नाही. तो नेमका काय करतो हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी दाखवून दिलं : रक्तातल्या हिमोग्लोबिनवर ऑक्सिजनची जी जागा असते, ती हा वायू बळकावतो. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणून हवेत त्याचं प्रमाण अगदी थोडं असलं तरी, श्वास चालू राहील तसतसा तो रक्तात साठत जातो.

पुढचं काम जॉन स्कॉट हॉल्डेन या स्कॉटिश डॉक्टरांनी केलं, आणि तेही स्वतःवर. १८९५ च्या सुमारास ते मोजूनमापून कार्बन मोनॉक्साईड हुंगत बसत, स्वतःचं रक्त तपासत आणि काय काय होतं त्याची नोंद ठेवत. एका प्रयोगात तर त्यांचं निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन या वायूने व्यापलं होतं. (असला प्रयोग आजची कुठलीही नीतिमत्ता समिती मंजूर करणार नाही.) त्यांच्या नोंदींतून दिसलेली एक गोष्ट मी रुग्णांना नेहमी सांगतो. स्वस्थ बसलेल्या माणसाला आपण बरे आहोत असंच वाटत राहतं. उठून चार पावलं टाकायला गेलं की पाय साथ देत नाहीत आणि डोकंही चालत नाही. कळेपर्यंत पळण्याची ताकद गेलेली असते.

पुढच्याच वर्षी, जानेवारी १८९६ मध्ये, वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ५७ माणसं गेली. हॉल्डेन तिथे गेले आणि त्यांनी मृतदेह तपासले. त्यांच्या लक्षात आलं की बहुतेक जण स्फोटाच्या धक्क्याने मेले नव्हते, स्फोटानंतर खाणीत पसरलेल्या कार्बन मोनॉक्साईडने मेले होते. माणसाच्या आधी ज्याला हा वायू बाधेल असा छोटा प्राणी खाणीत सोबत न्या, असा उपाय त्यांनी सुचवला. आधी उंदीर, मग कॅनरी पक्षी. लहान जीव भराभर श्वास घेतो, त्यामुळे विष त्याच्या रक्तात माणसाच्या कितीतरी आधी चढतं. पक्षी दांडीवरून खाली पडला की माणसांनी मागे फिरायचं. पुढे काही पिंजऱ्यांना ऑक्सिजनची छोटी नळकांडीही बसवली होती, म्हणजे बिचाऱ्या पक्ष्याला शुद्धीवर आणता येई. ब्रिटनच्या खाणींत हे पक्षी १९८० च्या दशकापर्यंत कामावर होते. जगातला हा पहिला कार्बन मोनॉक्साईड अलार्म म्हणायला हरकत नाही.

तुम्ही म्हणाल, आपल्या घरांत तर पिढ्यान्‌पिढ्या चुली आणि शेगड्या होत्या, बाळंतिणीच्या खाटेखाली शेक-शेगडी होती. मग माणसं जगली कशी? धूर डोळ्यांत जायचाच आणि त्याने फुप्फुसांचं नुकसानही पुष्कळ झालं. पण कौलारू छपराला फटी होत्या, दारंखिडक्या कधी घट्ट बसत नव्हत्या, त्यामुळे हवा खेळती राहायची. सिमेंटची स्लॅब आणि सरकत्या काचांच्या घरांत ती सोय राहिली नाही. म्हणून बाळंतिणीच्या बंद खोलीत आज कोळशाची शेगडी ठेवू नका, असं आम्ही बजावून सांगतो. पोटातल्या किंवा नुकत्या जन्मलेल्या बाळाला हा वायू आणखी घातक असतो.

इंधनाचा इतिहासही याला जोडलेला आहे. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले. तो दगडी कोळशापासून बनवलेला गॅस होता आणि त्यात मुळातच कार्बन मोनॉक्साईड असे. नुसती गळतीही जीव घेऊ शके. १९५५ साली मुंबईत स्वयंपाकाचा एलपीजी आला. त्यात कार्बन मोनॉक्साईड नसतो, शिवाय गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. इथेच लोकांची समजूत पक्की झाली की वास नाही म्हणजे धोका नाही. पण बंद जागेत कुठलंही इंधन जाळलं आणि ऑक्सिजन कमी पडला की अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, आणि त्याला तो वास नसतो. न्हाणीघरातल्या गॅस गीझरने आपल्याकडे इतक्या जणांना बेशुद्ध केलं की भारतीय मेंदूविकारतज्ज्ञांनी त्याला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असं नावच देऊन टाकलं.

पक्ष्याची जागा यंत्राने घेतली ती जपानमुळे. नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये कथिलाच्या ऑक्साईडवर चालणारा सेन्सर शोधला. हवेत ज्वलनशील वायू आला की त्याची विद्युतवाहकता बदलते. तो आधी घरगुती गॅसच्या गळतीसाठी वापरला गेला. पुढे कार्बन मोनॉक्साईडसाठी वेगळे सेन्सर निघाले. आजच्या बहुतेक अलार्ममध्ये विद्युत-रासायनिक सेन्सर असतो. वायू आत शिरला की बारीकसा प्रवाह तयार होतो आणि त्यावरून प्रमाण मोजलं जातं.

अमेरिकेत १९९२ साली घरगुती अलार्मसाठी ‘यूएल २०३४’ हे मानक आलं आणि १९९४ मध्ये शिकागो शहराने असे अलार्म घरोघरी सक्तीचे केले. त्याच डिसेंबरमध्ये शहरावर हवा साचून राहिली, वाहनांचा धूर वर जाईना, आणि एका दिवसात अग्निशमन दलाला हजाराहून अधिक फोन आले. अलार्म खरं तेच सांगत होते, फक्त फार लवकर सांगत होते. त्यानंतर मानकात सुधारणा झाली. त्यामुळे आजचा अलार्म वायू दिसताक्षणी बोंब मारत नाही, तर प्रमाण आणि वेळ दोन्ही पाहतो. युरोपियन मानकानुसार ५० पीपीएमला (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) तो तास-दीड तासाने वाजतो, ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत. याच मानकाचा, म्हणजे ‘ईएन ५०२९१’चा, दुसरा भाग खास कॅराव्हॅन आणि बोटींसाठी आहे. तिथे हादरे असतात, दमटपणा असतो, तापमान झपाट्याने बदलतं. घरातला अलार्म तिथे टिकेलच असं नाही.

कॅराव्हॅनचा धोका फक्त गॅसच्या शेगडीचा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातल्या वडकरा इथे रस्त्याच्या कडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृतावस्थेत सापडली. एसीसाठी जनरेटर चालू होता. कालिकतच्या एनआयटीच्या तज्ज्ञांनी त्याच गाडीत पुन्हा तशीच परिस्थिती निर्माण करून पाहिली. जनरेटरचा धूर गाडीच्या तळातल्या छिद्रातून आत येत होता आणि दोन तासांत कार्बन मोनॉक्साईड ९५७ पीपीएमवर पोहोचला. म्हणजे आत काहीही पेटवलेलं नसताना, फक्त एसी लावून झोपलेल्यांचा जीव गेला. अलार्म असता तर प्रमाण इतकं वाढण्याच्या बऱ्याच आधी तो कर्कश वाजला असता.

तेव्हा गाडी भाड्याने घेताना दोन वेगळे अलार्म विचारा. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा अलार्म खाली, फरशीजवळ असतो. कार्बन मोनॉक्साईड जवळपास हवेइतकाच हलका असतो आणि तिच्यात मिसळून जातो, म्हणून त्याचा अलार्म झोपण्याच्या जागेजवळ, श्वासाच्या उंचीवर हवा. खोक्यावर किंवा मागच्या बाजूला वर सांगितलेल्या मानकांपैकी एकाचा क्रमांक आणि सेन्सर बदलण्याची तारीख पाहा. सेन्सर साधारण पाच ते दहा वर्षांत निकामी होतो. चाचणीचं बटण दाबल्यावर आवाज आला, तर भोंगा आणि बॅटरी ठीक आहेत एवढंच कळतं. रंग बदलणाऱ्या स्वस्त पट्ट्यांच्या भरवशावर राहू नका, कारण झोपलेल्याला रंग दिसत नाही.

आणि अलार्म नसताना सहलीत एकाच वेळी दोघातिघांचं डोकं दुखू लागलं, मळमळ, चक्कर आली, मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटलं, तर ते ‘गाडी लागणं’ किंवा बाहेरच्या खाण्याचा त्रास समजून पुन्हा आत झोपू नका. सगळ्यांना बाहेर काढा, जनरेटर आणि शेगडी बंद करा, १०८ ला फोन लावा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने ९८ दाखवलं तरी विश्वास ठेवू नका. साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साईडने भरलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. रुग्णालयात पोहोचल्यावर रात्र कुठे काढलीत, आत काय चालू होतं, हे आधी सांगा. मग डॉक्टर रक्तातलं कार्बन मोनॉक्साईडचं प्रमाण तपासतील आणि मास्कने शुद्ध ऑक्सिजन देतील. साध्या हवेत हे विष निम्मं व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास.